तळमजल्यावरचा गाबोर आणि आईचं जातं

मस्कतच्या अझैब्यात धूळ आणि किस्से यांचं एकसारखंच आहे. सकाळी पुसून काढा, संध्याकाळी पुन्हा थर! धूळ कुठून येते ते निदान सांगता येतं. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि वारा मोकाट. किस्से मात्र आमच्या बिल्डिंगमध्ये एकाच ठिकाणाहून यायचे, तळमजल्यावरच्या फ्लॅटमधून. तिथं गाबोर राहायचा.

गाबोर हंगेरीचा. वय पासष्टच्या आसपास, मिशा भरघोस, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. मुळात तो संगीतकार, म्हणजे स्वतः रचना करणारा. मस्कतमध्ये मुलांना व्हायोलिन आणि व्हायोला शिकवायला आला होता. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, अंगानं मोठी आणि आवाजानं घोगरी.

वरच्या मजल्यावर आम्ही. मी आणि माझी बायको मेधा, पुण्याचे. समोर मिलिंद कांबळे, कऱ्हाडकडचा. मी आणि मिलिंद रुसैलला एकाच कारखान्यात, खाद्यतेलाच्या बाटल्या भरण्याच्या. मी क्वालिटीला, तो मेंटेनन्सला. म्हणजे तो मशीन चालू करायचा आणि मी बंद करायला लावायचो! तरीही दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याच हॉलमध्ये चहाला बसायचो.

गाबोर इंग्रजीत बोलायचा, तेही तोलूनमापून. मी त्याचं मराठी करून सांगतोय.

* * *

पहिली भेट गणपतीतली. दीड दिवसाचा गणपती, बारा-पंधरा माणसं, आरती रंगात आलेली. मिलिंदही होता. तो दरवर्षी दारातच जाहीर करायचा, "मी आरतीला नाही, मोदकाला आलोय." आणि मेधा त्याच्यासाठी वेगळा डबा काढून ठेवायची.

आरती टिपेला पोचली आणि बेल वाजली. दारात हा उंच गोरा म्हातारा! सगळ्यांच्या झांजा हवेत थांबल्या. आम्ही या बिल्डिंगमध्ये नुकतेच राहायला आलेलो, घरमालक आवाजाच्या बाबतीत कडक. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं.

"थांबलात का?" गाबोर म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. तो आत आला, बूट काढले, कोपऱ्यात मांडी घालायचा प्रयत्न केला, ती जमली नाही म्हणून पाय पसरून बसला. आम्ही पुन्हा सुरू केलं. पुढच्या तिन्ही आरत्या त्यानं डोळे मिटून ऐकल्या. शेवटी मी घाबरत घाबरत विचारलं, कसं वाटलं?

तो विचार करून म्हणाला, "तुमच्यात एकजण सुरात आहे. तो कोण ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही."

* * *

हंगेरीत आडनाव आधी आणि नाव नंतर, हे मला त्याच्याकडूनच कळलं. मी सांगितलं, आमच्या शाळेत हजेरी तशीच व्हायची, पेठे संजय, कांबळे मिलिंद. गाबोर इतका खूश झाला की उठून हात मिळवला. "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच!"

त्या दिवसापासून तो मला जिन्यात, पार्किंगमध्ये, लुलू सुपरमार्केटच्या भाजीच्या रांगेत "पेठे संजय!" अशीच हाक मारायचा. आणि चाळिशी उलटलेला मी दर वेळी ताठ होऊन मनातल्या मनात "हजर!" म्हणायचो.

* * *

एकदा त्याला आमचा कारखाना बघायचा होता. का, ते विचारायची सोय नव्हती. सेफ्टी शूज, हेल्मेट, सगळं चढवून त्याला फिरवलं. तेल, टाक्या, बाटल्या, कशाकडे त्याचं लक्ष नाही. एका फिलिंग मशीनपाशी मात्र तो खिळला आणि मांडीवर बोटानं ठेका धरायला लागला.

"पेठे संजय, हे मशीन आमच्याकडचं आहे का?"

मी म्हटलं, "नाही, का?"

"लंगडं वाजतंय. आमच्याकडची खेड्यातली नाचाची गाणी अशीच असतात. सात मोजायचे आणि सातवा जरा ओढायचा. फार छान!"

मिलिंद हसला नाही. त्यानं मशीनला कान लावला. दुसऱ्या दिवशी लाइन थांबवून उघडून बघितलं, तर एका बाजूचं बेअरिंग निकामी व्हायच्या बेतात! त्याच महिन्यात मिलिंदनं मशीनचा आवाज तपासायचं एक महागडं यंत्र मागितलं होतं. मॅनेजरनं कागद परत पाठवला. वर निरोप, "यंत्र कशाला? त्या म्हाताऱ्याला महिन्यातून एकदा चहाला बोलवा."

* * *

आता जरा शांतपणे सांगायचा भाग.

गाबोरचं मस्कतमधलं शेवटचं वर्ष होतं. करार संपत आला होता आणि जाण्याआधी त्याला स्वतःची एक नवी रचना करायची होती. त्याचे विद्यार्थी निरोपाच्या कार्यक्रमात ती वाजवणार होते. रचना काही होत नव्हती. दर शुक्रवारी आम्ही विचारायचो, "झाली का?" आणि तो म्हणायचा, "इन्शाल्ला."

मिलिंद म्हणाला, "सर, आमचा सप्लायर स्पेअर पार्टबद्दल हेच म्हणतो. म्हणजे अजून ऑर्डरच गेलेली नसते."

गाबोर हसला. मग कप हातात धरून त्यानं सांगायला सुरुवात केली. शंभर वर्षांपूर्वी त्याच्या देशातला एक थोर संगीतकार मेणाच्या नळीवर आवाज धरणारं यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडला होता. म्हाताऱ्या बायकांच्या पुढ्यात भोंगा ठेवून त्यांची गाणी गोळा केली आणि त्यातून आपलं संगीत उभं केलं. गाबोर तरुणपणी त्याच वाटेनं गेला. भोंग्याऐवजी टेपरेकॉर्डर, एवढाच फरक. डोंगरातली गावं, सीमेवरची गावं. कुठं लग्नाची गाणी, कुठं मयताची. कित्येकांच्या आया त्यानं टेप करून ठेवल्या होत्या.

"आणि तुझी आई?" मेधानं विचारलं.

त्याची आईसुद्धा गायची. थंडीत गावातल्या बायका एका घरी जमून बदकांची पिसं सोलायच्या, उशा भरायला. पिसाचा मऊ भाग एकीकडे, काडी दुसरीकडे. कोणी जोरात बोलायचं नाही, पिसं उडतात. म्हणून हळू आवाजात गायचं. त्याची आई गायची आणि हा तिच्या पायाशी बसलेला असायचा.

"ती घरचीच होती," गाबोर म्हणाला. "कधीही टेप करता येईल म्हणून राहिली. मग ती गेली. मला तिच्या गाण्याची पहिली ओळ येते. पुढची येत नाही. चाळीस वर्षं झाली, मी जे काही लिहायला बसतो ते त्या पुढच्या ओळीपाशी येऊन थांबतं."

 मला माझी आई आठवली आणि फार वाईट वाटलं. तिचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे तो फक्त "पोचलास का, जेवलास का" एवढाच.

विषय हलका करायला म्हणून मिलिंद बोलून गेला, "माझी आई येतेय पुढच्या आठवड्यात. ती जात्यावर गायची."

गाबोरनं कप खाली ठेवला. मिलिंदच्या लक्षात आलं की आता आपली सुटका नाही!

* * *

मिलिंदची बायको बाळंतपणाला नाशिकला माहेरी गेली होती. लेकाच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून आई महिनाभरासाठी आली. सोबत भाकरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, आणि मस्कतमध्ये मिळतच नसेल अशा समजुतीनं आणलेलं मीठ!

गाबोर तयारीनं आला. नवा शर्ट, सगळी बटणं जागच्या जागी. मिलिंदनं शिकवल्याप्रमाणे हात जोडून म्हणाला, "जय भीम, आई."

आई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "जय भीम, बाबा. बस की. ह्यो जेवला का न्हाई?"

जेवण झालं. गाबोरनं रेकॉर्डर काढला, आईंसमोर सोफ्यावर छोटा माइक ठेवला. आई माइककडे बघतात, माइक आईंकडे बघतो. आवाज नाही.

"आई, म्हण ना एखादी ओवी," मिलिंद म्हणाला.

"जातं कुटंय?"

"जातं नाही इथं. तशीच म्हण."

"आरं, जात्याबगर ओवी कशी येईल? ती काय पाट केलेली अस्ती व्हय? हात फिरला की येती."

"तरी पण, नुसतीच म्हण की."

आई शांतपणे म्हणाल्या, "मिलिंद, तू आंगूळ करतूस ती पान्याबगर करतूस का रं?"

गाबोरला मी याचं भाषांतर करून सांगितलं. त्याला वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्यानं रेकॉर्डर बंद केला आणि आनंदानं मिशी चोळत म्हणाला, "बरोबर बाई सापडली!"

* * *

मग सुरू झाली जात्याची मोहीम. मेधानं सुचवलं, मिक्सर लावू या, दळणच आहे ते. लावला. आईंनी तो थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाल्या, "मेधाताई, हेच येवडं वरडतंय, मी मधी कुटं बोलू?"

मिलिंदचा इंजिनिअरी अभिमान दुखावला. त्यानं वर्कशॉपमध्ये दोन गोल लोखंडी प्लेटा कापून घेतल्या, वरच्या प्लेटीला लाकडी खुंटा बसवला आणि मध्ये, हौसेचा मामला, उत्तम प्रतीचं बॉल बेअरिंग टाकलं. शुक्रवारी चादर बाजूला करून ते सगळ्यांसमोर उघडं केलं. गाबोरनं टाळ्या वाजवल्या.

आई पुढ्यात बसल्या. एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंट्याला हात घालून एक ओढ दिली. ते भिरभिरायला लागलं! आईंनी हात काढून घेतला तरी ते फिरतंच राहिलं. आम्ही सगळे बघत बसलो. शेवटी एकदाचं थांबलं.

"लई भारी केलंस बाबा," आई म्हणाल्या. "पन हे आपलं आपनच फिरतंय. मग मी कशाला बसू हितं?"

आयुष्यभर मशीन हलकं चालावं म्हणून झटलेल्या मिलिंदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. गाबोर मात्र मान डोलावत राहिला. "जड पाहिजे, कांबळे मिलिंद. जड असल्याशिवाय कोणी गात नाही."

* * *

महिना संपत आला. सुनेची तारीख जवळ आलेली, रविवारी सकाळचं विमान पक्कं. गाबोरची रचना तिथंच अडलेली. आम्हालाही आता चैन पडेना. मिलिंद, जो सुरुवातीला "जुनं झालं ते सगळं" म्हणायचा, तोच रोज लंचला विचारायला लागला, "काय करू या रे?"

शेवटच्या शुक्रवारी आम्ही सगळे माझ्या गाडीतून रुस्ताकला गेलो. आईंना गरम पाण्याचा झरा दाखवू आणि जुन्या बाजारात दगडाचं जातं मिळतंय का बघू, असा दुहेरी बेत. झऱ्यात पाय सोडून आई म्हणाल्या, "हे बरंय, सरपन लागत न्हाई!"

बाजारात चांदीचे खंजीर होते, कॉफीच्या पितळी किटल्या होत्या, पेटारे होते. जातं नव्हतं. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मी हातानं गोल गोल फिरवून दाखवलं. दुकानदार सालिम म्हणून एक मध्यमवयीन गृहस्थ, अंगात पांढरीशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी. छान हिंदी बोलायचे.

"वो बेचने का नहीं है," सालिम म्हणाले. "मेरी माँ के पास है। वो रोज चलाती है। यल्ला, घर चलो।"

दुकानाला कुलूप! ओमानी माणसानं घरी चला म्हटलं की नाही म्हणण्यात अर्थ नसतो. घरी पोचल्यावर आम्हा पुरुषांना बाहेरच्या मजलिशीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत बसवलं, गालिच्यावर, खजूर आणि कावा, म्हणजे ओमानी कॉफी देऊन. आई आणि मेधा आत अंगणात गेल्या. आत बायकांचं राज्य, तिथं परक्या पुरुषानं जायचं नाही. आमच्या हे आधी लक्षातच आलं नव्हतं. गाबोर महिनाभर ज्याची वाट बघत होता ते भिंतीपलीकडे, आणि तो अलीकडे!

आतलं मेधानं नंतर सांगितलं. सालिमच्या आई अंगणात जात्यापाशीच होत्या, मसाला दळत. आपल्या आईंनी जातं बघितलं आणि काही न विचारता समोर जाऊन बसल्या. म्हाताऱ्या बाईंनी खुंट्यावरचा हात जरा वर सरकवला, खाली दुसऱ्या हातापुरती जागा केली. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. विचारणा नाही, ओळख नाही, जातं फिरायला लागलं.

मजलिशीत आधी घरघर ऐकू आली. मग आईंचा आवाज. मी तो तोवर कधी ऐकलाच नव्हता. बोलतानाचा वेगळा होता.

"पहिली माझी ओवी गं, हाताला याद आली,
लेकाच्या मुलखाला, दगडाची वळख झाली."

"समिंदराच्या पल्याड, माझ्या लेकाचं बिऱ्हाड,
दगडा तुला सांगते मी, उघड मायेचं कवाड."

मध्येच त्या दुसऱ्या आजीही काही गुणगुणल्या, त्यांच्या भाषेत, त्याच घरघरीवर. आणि पुन्हा आई.

मिलिंद गाबोरच्या कानाशी कुजबुजला, "सर, रेकॉर्ड करा ना! रेकॉर्डर तुमच्या मांडीवर आहे!"

गाबोरनं रेकॉर्डर उचलला आणि बाजूला गालिच्यावर ठेवला. बंदच. "त्या घरच्या बाईचा आवाज आहे त्यात," तो म्हणाला. "बाहेर बसून चोरून घ्यायचा नाही. ऐका फक्त."

आम्ही ऐकलं. सालिमही खजुराचं ताट हातात धरून उभेच राहिले. मिलिंदनं खिशातून गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. चार भिंतींच्या आत, छताखाली! 

घरघर थांबली तसा गाबोर मोठा श्वास सोडून म्हणाला, "खलास." परतीच्या वाटेवर तो मांडीवर बोटानं ठेका धरून होता.

* * *

शनिवारी संध्याकाळी त्यानं आम्हाला खाली बोलावलं. आईंच्या बॅगा भरून झाल्या होत्या. गाबोरनं आईंसाठी खुर्ची ठेवली होती. आईंनी ती बाजूला सारली आणि खाली बसल्या, एक पाय लांब, एक दुमडलेला.

"विद्यार्थी वाजवतील तेव्हा बरीच वाद्यं असतील," तो म्हणाला. "आज एकच आहे. हे आधी यांना ऐकवायचंय."

त्यानं व्हायोला खांद्याला लावला. जाड तारेवर घरघर सुरू झाली, जड, दगडाची. तिच्यावर हळूच आईंची ओवी आली. शब्द नव्हते, पण चाल तीच, श्वास घ्यायच्या जागाही त्याच. आईंचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला. त्यांच्या ते लक्षातही नसावं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मध्येच चाल बदलली. काहीतरी दुसरंच, अगदी हळू. मला वाटलं, रुस्ताकच्या आजींचं असणार. मग पुन्हा आईंची ओवी आली आणि घरघर मंदावत थांबली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. आई नुसत्याच बसून होत्या.

"आई, कसं वाटलं?" मिलिंदनं विचारलं. "तुझीच ओवी आहे."

"व्हय, माजीच हाय," आई म्हणाल्या. "पन मधी माज्या म्होरं दुसरी बाई येऊन बसली. कोन ती?"

"रुस्ताकच्या आजी असतील."

"न्हाई रं. त्यास्नी मी वळखते की. ही येगळी." आईंनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, दोन बोटं एकमेकांवर हळूच घासली. "हिच्या हातात खुटा न्हवता. काय तरी हलकं हुतं. फुकलं तर उडंल असं."

गाबोरच्या आईबद्दल आईंना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मिलिंदनं माझ्याकडे बघितलं, मी मेधाकडे. मेधानं शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला, सावकाश.

 गाबोरनं व्हायोला मांडीवर घेतला आणि म्हणाला, "मेधा, त्यांना विचार. ती मध्येच थांबली का?"

मेधानं विचारलं.

"थांबंल कशाला?" आई म्हणाल्या. "पुरं करूनच उठली."